सासूबाईंचं मत

माझा नवरा लायनस ड्रायलिंग पाचव्यांदा निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा आम्ही नवीन पाट्या छापल्याच नाहीत. तिसऱ्या खेपेलाच मी प्रेसवाल्याला सांगितलं होतं, वर्ष घालू नकोस, नुसतं 'ड्रायलिंग' आणि खाली 'वॉशिंग्टनसाठी' एवढंच ठेव. दर दोन वर्षांनी निवडणूक आली की पाट्या गॅरेजमधून काढायच्या, नळीच्या पाण्याने धुवायच्या, जे कोणी हो म्हणतील त्यांच्या अंगणात रोवायच्या, आणि नोव्हेंबरात हरलो की उपटून परत गॅरेजात. शेजारचा युजीन वर्थ कुंपणावरून विचारायचा, "काय रोझली, यंदाचं पीक निघालं का बाहेर?" मी म्हणायची, "तुझ्या अंगणात एक लाव, मग सांगते." तो हसायचा. लावायचा मात्र नाही.

कॅन्ससच्या पश्चिमेचा हा आमचा भाग म्हणजे गहू, वारा आणि रॉइस टिलॉटसन. टिलॉटसनसाहेब बत्तीस वर्षं आमचे खासदार आहेत. इथे डेमोक्रॅट म्हणून उभं राहायचं म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून उपास आहे म्हणून सांगायचं. लोक रागावत नाहीत, नुसती कीव करतात. लायनसने अर्ध्या कौंटीच्या पोरांना इतिहास शिकवलाय. लोक त्याचा हात हातात घेतात, आईची चौकशी करतात, आणि मत टिलॉटसनला देतात.

खासदार आपण होणार नाही, हे लायनसलाही दुसऱ्या खेपेपासूनच कळलं होतं. त्याला हवं होतं ते एवढंच, की एकदा तरी आपलं ओटिलिया गाव आपल्या बाजूने उभं राहावं. मतदारसंघ गेला खड्ड्यात, पण कोर्टहाऊसच्या भिंतीवर निकालाचा कागद लागतो त्यावर ओटिलियासमोर आपलं नाव वर असावं. मागच्या खेपेला गावात तो इतक्या थोड्या मतांनी मागे पडला, की ती माणसं कोण ते आम्ही नाश्त्याच्या टेबलावर बसून नावानिशी काढलं होतं. म्हणून तर पाचवी खेप. नाहीतर मी त्या पाट्या केव्हाच सरपणाला लावल्या असत्या.

त्याचं भाषण मला पाठ होतं. शेवटी तो एकच प्रश्न विचारायचा. तोच आमच्या पिकअपच्या दारावरही रंगवलेला होता. "बत्तीस वर्षांत टिलॉटसनसाहेबांनी तुमच्यासाठी काय केलं? एक गोष्ट सांगा." मग तो थांबायचा. कौंटीच्या इस्पितळातला बाळंतपणाचा विभाग बंद झाला होता, बायकांना कळा सोसत तास-दीड तास गाडीतून जावं लागत होतं. लोकांना ते ठाऊक होतं, म्हणून ते खाली बघायचे. त्या खाली गेलेल्या माना पाहिल्या की लायनसला बळ यायचं. मत मिळो न मिळो, प्रश्नाला उत्तर नाही एवढं तरी त्याच्या हातात होतं.

ऑगस्टमध्ये सासूबाई वारल्या. म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात बसून त्या कॉफीत बिस्किट बुडवत होत्या, पण सरकारच्या लेखी वारल्या.

ओटिलियात आडनावं मोजकी आणि ठेवायची नावं त्याहून मोजकी. आमचे पणजोबा व्होल्गाकाठाहून आले तेव्हापासून हा घोळ आहे. लिओना ड्रायलिंग नावाच्या गावात दोघी होत्या. म्हणून एक चक्कीवाली लिओना, तिच्या नवऱ्याची पिठाची चक्की होती, आणि दुसरी बदकवाली लिओना, म्हणजे आमच्या सासूबाई. बदकं जाऊन तीस वर्षं झाली, नाव राहिलं. तर गेली ती चक्कीवाली. अंत्यविधीचं सगळं बघणारं इथलं फ्युनरल होम जुन्या मालकाने नुकतंच विचिता शहरातल्या एका पोराला विकलं होतं. जुना मालक असता तर त्याने पहिला प्रश्न विचारला असता, कुठली लिओना? नव्याला हे विचारायचं असतं हेच कोणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनीही आपल्या अंत्यविधीची सोय तिथेच आगाऊ करून ठेवली होती, इथे सगळेच म्हातारे ठेवतात. पोराने कपाटातून 'लिओना ड्रायलिंग' नावाची फाइल काढली आणि सरकारला कळवून टाकलं.

पहिल्यांदा औषधाच्या दुकानात कळलं. मग पेन्शन आली नाही. मग बँकेने खातं गोठवलं आणि 'कै. लिओना ड्रायलिंग यांच्या कुटुंबीयांस' म्हणून सांत्वनाचं पत्र धाडलं. सासूबाईंना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, म्हणून मी ते वाचून दाखवलं.

"चांगलं लिहिलंय गं," त्या म्हणाल्या. "मी गेल्यावर परत वाच."

तोवर आम्ही हसत होतो. मग विचिताच्या इस्पितळातून फोन आला. सासूबाईंच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती आणि सप्टेंबरमध्ये ऑपरेशन ठरलं होतं. फोनवरची बाई म्हणाली, सरकारी विम्यात पेशंट मृत दिसतोय, हे निस्तरेपर्यंत तारीख ठेवता येणार नाही. लायनसने डॉक्टरला गाठलं. डॉक्टर म्हणाला, फार थांबू नका. किती थांबलं तर चालेल, असं लायनसने विचारलं, तर तो म्हणाला, "मी तुमच्या जागी असतो तर थांबलोच नसतो."

मग सुरू झाले फोन. सकाळी लावायचा, तेच ते संगीत ऐकत दुपार व्हायची, आणि कोणीतरी उचलून सांगायचं की हा आमचा विभाग नाही. लायनसने प्रचार बाजूला ठेवला आणि सासूबाईंना व्हीलचेअरवर घालून सरकारी कचेरीत नेलं. मीही गेले. तिथल्या बाईने स्क्रीनकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, परत स्क्रीनकडे पाहिलं.

"मॅडम, इथे तुम्ही मृत आहात," ती म्हणाली.

"असेन बाई," सासूबाई म्हणाल्या. "पण सकाळी अंडी खाऊन आलेय, एवढं लिहून घ्या."

ती बिचारी ओशाळली. तिच्या हातात काहीच नव्हतं. कागद घेतले, म्हणाली, तपासणीला वर जातील, दोनतीन महिने लागतात. लायनस म्हणाला, "दोनतीन महिने माझी आई टिकणार नाही. मग तुमचं रेकॉर्ड आपोआप बरोबर होईल." असं तो कधी बोलत नाही. आम्ही निघालो तेव्हा तिने काउंटरवरून वाकून हळूच सांगितलं, "तुमच्या खासदारांच्या ऑफिसला फोन करा. त्यांचा फोन आला की वरचे लोक हलतात."

लायनसच्या डोक्यावर 'ड्रायलिंग – वॉशिंग्टनसाठी' अशी टोपी होती. तिचं तिकडे लक्ष गेलं की नाही, कोण जाणे.

गाडीत त्याने टोपी काढून मागच्या सीटवर टाकली. मग म्हणाला, "रोझली, त्या काउंटरवर एकच बाई का होती माहितेय? पूर्वी चार असायच्या. पैसे कापायचा ठराव आला की दर वेळी टिलॉटसन हात वर करतो. म्हणून फोन कोणी उचलत नाही. आणि मग त्यालाच फोन करायचा."

"हे भाषणात सांग," मी म्हणाले.

"आधी आईचं तर होऊ दे."

त्याने बाकीचे सगळे दरवाजे ठोठावून पाहिले. आमच्या दोन सिनेटरांना फोन केला. एकाकडे यंत्र बोललं, दुसऱ्याकडच्या पोरीने नाव लिहून घेतलं आणि म्हणाली, अशी कामं तुमचा खासदार लवकर करतो. आमच्या पक्षाच्या राज्य कचेरीतला एक उत्साही गडी म्हणाला, "हे तर सोनं आहे. आईंना घेऊन कॅमेऱ्यासमोर बसू." लायनसने फोन ठेवला. तिकडे सासूबाईंना पलंगावरून खुर्चीपर्यंत जाताना दम लागायला लागला. त्या स्वतःहून काही म्हणायच्या नाहीत, मधेच थांबून खिडकीकडे तोंड करून उभ्या राहायच्या, जसं काही बाहेर बघतायत.

तिसऱ्या दिवशीही त्या तशाच उभ्या राहिल्या आणि लायनसने फोन उचलला. मी समोरच बटाटे सोलत होते. टिलॉटसनच्या ऑफिसात डार्लीन नावाची बाई आहे, वर्षानुवर्षं लोकांची हीच कामं करते. लायनसने नाव सांगितलं. पलीकडून 'उमेदवार ड्रायलिंग?' असं विचारलं असावं, कारण तो म्हणाला, "हो. तोच."

मला वाटलं होतं, आता टोमणा येणार. आला असता तर बरं झालं असतं, निदान मला भांडता आलं असतं. पण डार्लीन म्हणाली, "आईचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा, मिस्टर ड्रायलिंग. ऑपरेशन कधी आहे?" बस्स, एवढंच. आठवडा संपायच्या आत सासूबाई जिवंत झाल्या. पेन्शन आली, खातं उघडलं, विचिताहून तारीख आली.

आणि टिलॉटसनसाहेबांचा स्वतःचा फोन आला, सासूबाईंना. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो, त्यामुळे आम्ही दोघांनीही ऐकलं.

"लिओनाबाई, तुम्ही जिवंत आहात हे कळवायला फोन केला."

"मला शंका होतीच," सासूबाई म्हणाल्या.

ते खळखळून हसले. मग तब्येत विचारली, विचिताचा डॉक्टर चांगला आहे म्हणाले, आमचे सासरे पूर्वी गहू कुठल्या कोठारावर घालायचे तेसुद्धा त्यांनी बरोबर सांगितलं. माणूस गोड आहे, ते कबूल करायलाच हवं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "साहेब, यंदा माझं मत तुम्हाला."

"छे छे, असं काही करू नका," टिलॉटसन म्हणाले. "तुमचा मुलगा उभा आहे. मुलाला द्या."

"मी शब्द दिला," सासूबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

लायनस दारातच उभा होता. मी म्हणाले, "आई, तोंडदेखलं म्हणतात हो असं." त्या म्हणाल्या, "तू म्हणत असशील. मी नाही." लायनस पिकअप धुवायला बाहेर गेला.

ऑपरेशन चांगलं झालं. सासूबाईंच्या गालांवर रंग आला, आणि त्यांनी गावभर सांगायला सुरुवात केली. चर्चमध्ये सांगितलं, केशकर्तनालयात सांगितलं, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला कॉफीबरोबर सांगितलं. बदकवालीला टिलॉटसनने मेल्यातून उठवलं, ही गोष्ट गव्हाच्या ट्रकांबरोबर पार पलीकडच्या कौंटीपर्यंत गेली. स्वतः टिलॉटसननी मात्र अवाक्षर काढलं नाही. ना जाहिरातीत, ना मुलाखतीत. लायनसला तेच जास्त लागलं. त्यांनी भांडवल केलं असतं तर ह्याला चिडता आलं असतं.

ऑक्टोबरात चर्चच्या हॉलमध्ये दरवर्षीचं जेवण असतं. बायका शेकड्यांनी बिअरॉक भाजतात, म्हणजे कोबी आणि खिमा भरलेले पाव, आणि उमेदवार पाच-पाच मिनिटं बोलतात. ओटिलिया अख्खं तिथे होतं. लायनसने बाळंतपणाच्या विभागाचं सांगितलं, ते लोकांनी ऐकलं. मग सवयीने त्याच्या तोंडून निघालं, "बत्तीस वर्षांत टिलॉटसनसाहेबांनी तुमच्यासाठी..." आणि तो तिथेच अडला. कोणी मान खाली घातली नाही. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि पुढच्या टेबलावर सासूबाई नव्या निळ्या स्वेटरमध्ये बसल्या होत्या.

मागून युजीन वर्थ म्हणाला, "लिओनाला विचार की, लायनस." वाईट हेतूने नाही म्हणाला. हॉल हसला, तेही प्रेमानेच. सासूबाईंनीसुद्धा हात वर करून सगळ्यांना दाखवला, म्हणजे ही बघा मी.

लायनसही हसला. मग त्याने सांगायचा प्रयत्न केला, की कचेरीत चार बायकांची एक का झाली, फोन का उचलत नाहीत, आणि जिची ओळख वरपर्यंत पोचत नाही त्या म्हातारीचं काय होत असेल. सगळं खरं होतं. पण आई समोर जिवंत बसलेली असताना ते बोलणं कृतघ्न माणसाचं वाटत होतं, आणि ते त्याला स्वतःलाच ऐकू येत होतं. त्याने पाच मिनिटंही पुरी केली नाहीत. खाली येऊन बसला, तर सासूबाईंनी त्याच्या ताटात आपला अर्धा बिअरॉक ठेवला. मला इतका संताप आला, की कोणावर काढू तेच कळेना. टिलॉटसनवर काढावा तर त्यांच्यामुळे ही बाई जेवतेय. हिच्यावर काढावा तर ही नुकती मरता मरता वाचलीय. मी भांडी घासायला गेले.

घरी येताना मी म्हणाले, "पुढच्या खेपेला दुसरा प्रश्न शोधू."

"दुसरा नाहीये," लायनस म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात टपालाने सासूबाईंची मतपत्रिका आली. त्यांना बूथपर्यंत जाणं झेपणार नव्हतं म्हणून घरी मागवली होती. ज्याला दिसत नाही त्याची मतपत्रिका दुसऱ्याने भरून दिली तर चालते. उमेदवाराला मात्र बंदी आहे, फक्त स्वतःच्या घरच्या माणसाची त्याला भरता येते. मी म्हणाले, "आणा आई, मी भरते."

"तू नको," सासूबाई म्हणाल्या. "तुझा स्वभाव मला माहितेय, रोझली. लायनस भरेल."

त्यांचं बरोबर होतं. मी सरळ नवऱ्याच्या नावापुढचा गोळा काळा केला असता आणि झालं म्हणून सांगितलं असतं. मला त्याची लाजही वाटली नसती.

लायनसने टेबल पुसलं, चष्मा लावला, काळं पेन घेतलं. वरून एकेक वाचत गेला. राज्याची पदं झाली, सासूबाई नावं सांगत गेल्या, तो गोळे भरत गेला. मग आमची जागा आली. "वॉशिंग्टनसाठी, आपला मतदारसंघ," त्याने वाचलं. आवाज अगदी वर्गात हजेरी घेतात तसा. "लायनस ड्रायलिंग. रॉइस टिलॉटसन."

"टिलॉटसन," सासूबाई म्हणाल्या.

पेन कागदावर टेकलं होतं. मी त्याच्या समोर बसले होते. मी हात पुढे करून त्याच्या स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. सासूबाईंना दिसणार नव्हतं. कोणालाच कधी कळणार नव्हतं. गावाचा तो कागद, भिंतीवरचा, असल्या एकेका मतावर अडलेला होता, आणि ते त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. चार निवडणुकांत मी त्याला हरताना पाहिलंय, पण असा चेहरा नव्हता पाहिला. मग त्याने माझं बोट हळूच बाजूला केलं आणि दुसरा गोळा भरायला घेतला. नीट भरला, कडेला पांढरं न ठेवता. मी उठून सिंकपाशी गेले, कारण मला रडू आलं आणि ते त्या बाईला ऐकू जाऊ द्यायचं नव्हतं.

"झालं का रे?"

"झालं, आई."

"तुला वाईट वाटलं?"

"नाही."

"वाटलं असेल तर वाटू दे," त्या म्हणाल्या. "शब्द दिला होता." मग त्या जरा विचारात पडल्या. टेबलावरून हात सरकवत त्यांनी त्याचं मनगट शोधलं. "अजून खाली नावं असतील ना? शाळेचं बोर्ड, कौंटी, ते सगळं. तिथे कुठे तुझं नाव आहे का बघ. असेल तिथे माझं मत तुला."

लायनसने मतपत्रिका उलटून पाहिली. त्याला काही बघायची गरज नव्हती, तरी त्याने खालपर्यंत पाहिली.

"नाही गं आई," तो म्हणाला. "माझं नाव एकाच ठिकाणी आहे."

"असं होय," त्या म्हणाल्या, आणि त्याचं मनगट थोपटत राहिल्या. उरलेल्या जागा त्याने वाचून दाखवल्या, त्यांनी सांगितलं तसं भरलं. लिफाफ्यावर सही करावी लागते, की मतदाराच्या इच्छेप्रमाणेच भरून दिलं आहे. तिथे त्याने आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि लिफाफा टपालात टाकायला तो स्वतःच गेला.